खडकाचं माप

वीज पडली तेव्हा माझी धाकटी जाऊ आटलेल्या तळ्यातल्या खडकावर त्याच्यासाठी उभी होती.

तो भूम गावचा फोटोवाला. दुष्काळात तळं आटून खडक उघडे पडले, तेव्हापासून तो दिवस उगवताना आणि मावळताना तिथं यायचा. आम्ही तळात खणलेल्या झिऱ्यावर घागरी भरायचो, तो आभाळाकडं बघत बसायचा. ढग आडवा आला की च्यक् करायचा. मग जावेला म्हणायचा, "वहिनी, जरा वर उभ्या राहता का? माणूस असलं की खडकाचं माप कळतं."

"मग काठी रोवा की," मी म्हणायची. तो नुसता हसायचा. जाऊ मात्र उभी राहायची. घरात तिला कुणी अहोजाहो करत नव्हतं.

त्या संध्याकाळी अचानक आभाळ गडगडलं. मी ओरडले, "अगं, उतर खाली! मरायचंय व्हय?"

"वहिनी, एवढा एकच. ढगाखालून ऊन आलंय बघा," तो म्हणाला.

ती थांबली.

वीज पडली आणि पाऊस सुरू झाला. त्यानं आधी सदरा काढून कॅमेरा गुंडाळला, मग तिच्याकडं धावला. ती जागीच गेली होती. वाचलो आम्ही दोघं, मी आणि तो.