राणीची बियर आणि बाबाचा घोट

बियर म्हटली की माझं डोकं तापतं. त्रेपन्न साली विलायतेत राणीचा राज्याभिषेक होता. त्यासाठी तिकडच्या कुणीतरी खास बियर काढली, मोजक्याच बाटल्या, लेबलावर सोनेरी मुकुट. त्यातल्या सहा बाटल्या बोटीने उन्हातान्हात डुलत अंधेरीला आल्या, आमच्या बाबाच्या साहेबाकडे. दारूबंदी आम्हाला, साहेबाला परमिट.

बाबा त्या साहेबाचा बटलर. पण आमच्या गावठाणात त्याचा मान वेगळाच. बंदी असो की काही असो, लग्नाला ताडी लागायचीच, आणि मडकं आधी बाबापुढे यायचं. तो एक घोट तोंडात फिरवायचा. मान हलवली तर ताडी वाढायची, थुंकला तर मडकं ओतून टाकायचं. नवऱ्या मुलाचा बाप हातापाया पडला तरी बाबा बधायचा नाही. मला त्याचा भारी अभिमान होता.

बाटल्या आल्या त्या दिवशी त्याने मला साहेबाच्या बंगल्यावर नेलं. मी एकोणीस वर्षांचा, बेकार. साहेब विक्रोळीच्या कारखान्यात मोठा माणूस. त्याने चिठ्ठी दिली की मी फिटर. साहेबाने बाबाकडूनच पहिली बाटली उघडवली, ग्लास त्याच्याच हातात दिला आणि म्हणाला, "सांग, कशी आहे?"

मी दोन हात अंतरावर उभा होतो. मलासुद्धा वास आला, शिळ्या पेजेसारखा. बाबाने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला.

"नंबर वन, साहेब."

मग साहेबाने घोट घेतला आणि तिथेच कुंडीत थुंकला. मेमसाहेबला हाक मारून म्हणाला, "याला गटाराचं पाणी पाजलं तरी हा नंबर वन म्हणेल." दोघं हसले. बाबाही हसला. ते हसणं मी अजून त्याला माफ केलेलं नाही. चिठ्ठी मात्र मिळाली.

वाटेत मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"तुझ्यासाठी रे."

"माझ्या नावावर खपवू नको."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण माझी जीभ कुठली गप्प बसते. संध्याकाळी विहिरीवर मित्रांना बाबाची साग्रसंगीत नक्कल करून दाखवली. दोन दिवसांत सगळं गावठाण तीच नक्कल करायला लागलं.

नाताळ झाल्यावर शेजारी लग्न निघालं. मडकं आलं ते बाबासमोरून सरळ नवऱ्या मुलाच्या मामाकडे गेलं. हा मामा आमच्याच कारखान्यात मुकादम, माझ्या डोक्यावरचा. त्याने मान डोलावली, ताडी वाढली. पहिल्याच घोटाला मला कळलं, पार आंबून सिरका झालाय. मी बाबाकडे बघितलं. म्हटलं, आता थुंक, एकदा थुंक.

बाबाने ग्लास खाली ठेवला. "आम्हाला काय कळतंय," तो सगळ्यांदेखत म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तू सांग, कशी आहे?"

मामा माझ्याकडेच बघत होता.

"चांगली आहे," मी म्हणालो आणि ग्लास संपवला.