पॅरिसमामूंचा निवांत शुक्रवार

पॅरिसमामूंनी पॅरिस कधी पाहिलं नव्हतं. खलाशी असताना त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी फ्रान्समधल्या एका नदीकाठच्या बंदरात दीड महिना पडून होतं, एवढीच त्यांची फ्रान्सची ओळख. पण तिथल्या एका रविवारी उसन्या सायकलीवरून ते नदीच्या काठानं दिवसभर हिंडले आणि त्या एका दिवसाबद्दल पुढं आयुष्यभर बोलत राहिले. "तिथं लोक सायकल चालवतात ती कुठं पोचायला नव्हे," ते सांगत. "झाड दिसलं की उतरायचं, भूक लागली की पाव काढायचा. यल्ला-बिल्ला भानगडच नाही!"

साठच्या दशकातल्या दुबईत, देरा भागातल्या एका खोलीत आम्ही रत्नागिरीकडचे सहा जण राहत होतो. मामू गोदामावर मुकादम, मी कापडाच्या पेढीवर कारकून. आठवडाभर सगळ्यांच्या मागं 'यल्ला, यल्ला', म्हणजे चल, आटप, अशी घाई लागलेली असे. शुक्रवारी मात्र पहाटेची नमाज झाली की मामू सायकल पुसायला घेत. त्यांचा नियम एकच होता: त्या दिवशी सायकलला काम सांगायचं नाही. कुणी म्हणालं, "मामू, तिकडं चाललाच आहात तर एवढं पार्सल," की ते हात जोडत. "खलास! आज तिची छुट्टी आहे."

मामूंची नदी म्हणजे दुबईची खाडी; मीही माझी सायकल घेऊन बरोबर असे. काठाला रस्ता नव्हताच, नुसती वाळू. अर्धा वेळ आम्ही सायकलीवर, अर्धा वेळ सायकल आमच्यावर. "ही खाडी आहे, मामू," मी म्हणायचो. मामू म्हणत, "पाणी आहे, काठ आहे, आपण आहोत. आणखी काय पाहिजे तुला?" वाटेत पाणी वाहणारं गाढव भेटलं तरी मामू अदबीनं "बोंजूर" म्हणत. एकदा त्यानं मान हलवली, तर दोन मैल त्याचंच कौतुक चाललं होतं.

सहा वर्षांनी मामू गावी निघाले तो दिवस नेमका शुक्रवारच होता. दहा दिवसांवर मुलीचा निकाह. बाहेर समुद्रात उभ्या असलेल्या स्टीमरकडं लाँच अकराला सुटणार होती आणि पुढची स्टीमर पंधरा दिवसांनी. आणि हे गृहस्थ पहाटे फडकं घेऊन सायकल पुसत होते! "दहाच्या आत परत येऊ," ते म्हणाले. मी देखरेखीला म्हणून निघालो.

खाडीच्या टोकाला, उथळ पाण्यापलीकडं वाळूचा उंचवटा होता आणि त्याच्या कडेला शेकडो गुलाबी पक्षी उभे होते. मामू घोटाभर पाण्यातून सायकलीसकट पलीकडं गेले. मागोमाग मी. तिथं खबूस रोटी आणि उकडलेली अंडी निघाली. मी घड्याळ पाहिलं की मामू म्हणत, "खिशात टाक ते. आज चांद चौथा. नवापर्यंत पाणी उतरतच राहणार." हिशेब चोख होता, पण तो आमच्या गावच्या खाडीचा. दुबईच्या खाडीला रत्नागिरीचं वेळापत्रक कोण सांगणार? आठलाच पाणी चढायला लागलं.

परतताना गुडघाभर चिखलात चाकं रुतली. माझी एक चप्पल गेली, मग मामूंची गेली. मी रडकुंडीला आलो होतो आणि मामू खो खो हसत होते. शेवटी एक म्हातारा अरब कोळी होडी घेऊन आला. आम्हाला बघून तोही इतका हसला की वल्हं हातातून सुटलं. मासळीच्या ढिगावर दोन सायकली आणि त्यांवर आम्ही, अशी वरात निघाली. मी "यल्ला, यल्ला" म्हणून ओरडतोय आणि मामू त्याला समजावताहेत, "हबीबी, शुवै शुवै." म्हणजे सावकाश! मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

धक्क्यावर पोचलो तेव्हा खोलीतले चौघं मामूंची पेटी लाँचवर चढवून लाँचवाल्याशी भांडत उभे होते. मामूंनी होडीतूनच उडी मारली. एका पायात चप्पल, सदऱ्याला मासळीचे खवले. लाँच सुटली, आम्ही टाळ्या पिटल्या.

आणि एकदम मामूंचं हसू थांबलं. कठडा धरून ते ओरडले, "अरे, सहा वर्षं झाली! खोलीत बसवत नव्हतं रे सकाळपासून. पोरगी मला ओळखेल का?"

"ओळखेल, मामू! शंभर टक्के ओळखेल!"

मी कुठल्या तोंडानं हे बोललो कोण जाणे. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि मी तिला अजून पाहिलंसुद्धा नव्हतं.

अंघोळ करून जुम्म्याच्या नमाजेला गेलो. नमाज झाल्यावर मशिदीच्या दारातच पेढीच्या शेठना गाठलं आणि रजा मागितली. "ऐन सीझनमध्ये? कशासाठी?" त्यांनी विचारलं. "मुलीला भेटायला," एवढंच म्हणालो आणि सगळ्यांदेखत मला रडू फुटलं.