महागडा प्लेअर आणि अक्कांची व्हीसीडी

ट्रे आत गेला, स्क्रीनवर ‘अनसपोर्टेड डिस्क’ अशी ओळ आली, आणि ट्रे बाहेर यायला तयार होईना.

मी रिमोटवरचं इजेक्ट दाबलं. आतून कट्-कट् असा आवाज आला. पुन्हा दाबलं, पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा दाबणार होते, पण बोट मागे घेतलं. ट्रे कशाला तरी अडत होता. जबरदस्ती केली असती तर आतली डिस्क गेली असती, आणि त्या डिस्कची दुसरी कॉपी जगात कुठेच नव्हती.

माझं जळगावात होम थिएटर बसवून देण्याचं काम आहे. प्रोजेक्टर, स्पीकर, वायरिंग, सगळं. हे घर साक्रीचं. विलासभाऊंचं तिथे रंगाचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर त्यांनी हौसेने थिएटरची खोली केली होती. प्रोजेक्टर आणि स्पीकर मी आधीच्या आठवड्यात बसवून गेले होते. राहिला होता फक्त डिस्क प्लेअर. तो घेऊन त्या दिवशी सकाळी पोचले.

खोलीत मधल्या खुर्चीवर त्यांच्या आई बसल्या होत्या. सगळं घर त्यांना अक्का म्हणतं, मीही म्हणू लागले. साखरेच्या आजाराने अक्कांचे डोळे बिघडले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन साधलं नव्हतं, त्याने काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्याने धूसर दिसायचं. टीव्ही दिसायचा नाही, पण भिंतीएवढं चित्र असलं तर माणसं कळायची. त्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन धुळ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. नजर वाचेलच असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ॲडमिट व्हायला संध्याकाळी पाचला निघायचं होतं.

आणि त्याआधी अक्कांना त्यांच्या मालकांना पाहायचं होतं. आबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. फोटो होते, पण चालते-बोलते आबा फक्त एकाच ठिकाणी होते. मुलीच्या लग्नाच्या व्हीसीडीत.

‘‘काय व्हयनं व बेटा?’’ अक्कांनी विचारलं. ‘‘ती तुटनी ते नही ना?’’

‘‘नही अक्का. अटकनी शे. काढस मी,’’ मी माझ्या मोडक्या अहिराणीत म्हणाले. आवाज स्थिर ठेवला.

विलासभाऊ मला बाहेर गॅलरीत घेऊन गेले. ‘‘ताई, तुम्ही म्हणालात हा सगळ्यात चांगला प्लेअर आहे.’’

‘‘चांगलाच आहे.’’

‘‘मग वाजत का नाही?’’

याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते द्यायची लाज वाटत होती. फोनवर मी त्यांना विचारलं होतं, डिस्क कुठल्या आहेत? ते म्हणाले होते, सीडी, डीव्हीडी, सगळं आहे. मी पुढे काही विचारलं नाही. मोठा स्क्रीन आहे, प्रोजेक्टर भारी आहे, तर प्लेअरही वरचाच हवा, असं मीच सुचवलं. नवीन महागड्या मशीनवर कंपन्या सारं लक्ष नव्या डिस्ककडे देतात. व्हीसीडी हा जुना, कमी दर्जाच्या चित्राचा प्रकार, एकेकाळी आपल्याकडे लग्नघरी सर्रास मिळायचा. या मॉडेलमधून तो काढून टाकला होता. माहितीपत्रकात बारीक अक्षरात दिलेल्या यादीत व्हीसीडी नव्हती, आणि ती यादी मी वाचली नव्हती.

‘‘चूक माझी आहे,’’ मी म्हणाले. ‘‘आधी डिस्क बाहेर काढते. मग पुढचं बोलू.’’

प्लेअर टेबलावर घेतला, प्लग काढला, मागचे आणि बाजूचे स्क्रू सोडवले. एका स्क्रूवर वॉरंटीचं सील होतं. ते फाटलं. झाकण उचललं तेव्हा कारण दिसलं. डिस्कवर वधूवरांच्या फोटोचा गोल कागद चिकटवलेला होता. इतक्या वर्षांत त्याची एक कड सुटून वर आली होती आणि वरच्या पट्टीत अडकली होती.

विलासभाऊ वाकून बघत होते. ‘‘हा कागदच ना? ओढून काढतो.’’ त्यांचा हात पुढे आला.

‘‘हात लावू नका!’’

मी ओरडलेच. खुर्चीवर अक्का दचकल्या. विलासभाऊंनी हात मागे घेतला, पण चेहरा लाल झाला. त्यांच्या घरात त्यांच्यावर कुणी असं ओरडत नसावं.

मी समजावून सांगितलं. सीडी खालच्या बाजूने वाचली जाते म्हणून लोक खालची बाजू जपतात. पण चित्र साठवलेला चांदीसारखा थर असतो वरच्या बाजूला, थेट कागदाखाली. कागद ओढला की थरही सोलून येतो. मग आबा कागदाबरोबर कचऱ्यात.

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण त्यानंतर कुणी हात पुढे केला नाही.

पट्टी दोन बोटांनी वर धरली, ट्रेचं दातेरी चाक हाताने हळूहळू फिरवलं. डिस्क बाहेर आली. उजेडात धरून बघितली. दोन जुने ओरखडे होते, नवा एकही नव्हता. सुटलेली कड चिमट्याने उचलून धरली आणि नखं कापायच्या कात्रीने फक्त तेवढा तुकडा कापला. कात्री डिस्कला टेकू दिली नाही.

‘‘लॅपटॉपवर लावू या?’’ विलासभाऊंनी विचारलं. ‘‘भाच्याकडे बाहेरून लावायचा ड्राइव्ह आहे.’’

मी नको म्हणाले. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह डिस्क फार जोरात फिरवतो. कागद पुन्हा सुटला तर डिस्क आतल्या आत फुटू शकते. घरगुती प्लेअर व्हीसीडी सावकाश फिरवतो. आम्हाला प्लेअरच हवा होता.

‘‘मग ही डिस्कच दुकानात नेऊन बघा,’’ ते म्हणाले.

‘‘नही,’’ अक्का म्हणाल्या. पहिल्यांदाच आवाज चढला होता. लग्नाच्या दोन डिस्क होत्या. एक कॉपी करायला स्टुडिओवाल्याकडे दिली होती, ती त्याने हरवली. तेव्हापासून उरलेली उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. ‘‘मशीन आठे आना,’’ त्या म्हणाल्या. मशीन इथे आणा.

साडेबारा वाजले होते. मी धुळ्याला फारूखभाईंना फोन लावला. त्यांचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे, आणि दुकानदार होण्याआधी वीस वर्षं ते रिपेअरिंग करायचे. मी अडचण सांगितली.

‘‘ताई, स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर घ्या. साक्रीतच मिळेल. काहीही वाचतो तो.’’

‘‘वाचेल, पण त्याला मागे लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिना. माझ्या प्रोजेक्टरला फक्त एचडीएमआय. आणि त्याचं चित्र एवढ्या स्क्रीनवर नुसतं चौकोन-चौकोन दिसेल. अक्कांना कळणार नाही.’’

‘‘मग मधल्या किमतीचे, एचडीएमआयवाले दोन पडलेत माझ्याकडे. दोघांच्याही बॉक्सवर व्हीसीडी लिहिलंय.’’

‘‘बॉक्सवर आता माझा विश्वास नाही. लावून बघा. सिनेमाची छापील नको, घरी बर्न केलेली लावा.’’ कारखान्यात छापलेली डिस्क बहुतेक मशीन वाचतात. स्टुडिओत कॉम्प्युटरवर बर्न केलेली फिकट असते, तिथे लेन्सची परीक्षा होते.

फारूखभाईंनी फोन चालूच ठेवला. कपाटं उघडल्याचे आवाज आले. मग म्हणाले, ‘‘आमच्या शाहीनच्या निकाहची सापडली.’’ पहिला प्लेअर दोन मिनिटं चालला आणि अडखळून थांबला. दुसरा लावला. मी मिनिटं मोजत होते. पाचव्या मिनिटाला ते म्हणाले, ‘‘माझी अम्मी दिसतेय, ताई. साफ दिसतेय. हाच पाठवतो.’’

दुकान सोडता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तो साक्रीकडे निघालेल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती दिला. गाडी दोनपर्यंत येईल म्हणाले. दोन वाजले. अडीच झाले. ड्रायव्हरचा फोन लागेना. विलासभाऊ स्टँडवर जाऊन उभे राहिले. खोलीत मी आणि अक्का दोघीच. डिस्क त्यांनी मांडीवर धरली होती, कव्हरसकट, दोन्ही हातांनी. त्यांनी विचारलं, मी लग्न केलंय का, आई कुठे असते. उत्तरं देताना माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

सव्वातीनला विलासभाऊ खोका घेऊन धावत वर आले. रस्त्यात टायर फुटला होता.

केबल जोडली. पडदे ओढले. अक्कांनी डिस्क माझ्या हातात दिली आणि हात लगेच सोडला नाही. मी ट्रेवर ठेवली. ट्रे आत गेला. ‘लोडिंग’ असं आलं. डिस्क फिरली, थांबली, पुन्हा फिरली. विलासभाऊ मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते.

आणि एकदम बँड वाजायला लागला.

सुरुवातीला हळद, मग मंडप. चित्र मऊ होतं, रंग उडालेले. मी कॉन्ट्रास्ट वाढवला, अक्कांची खुर्ची पुढे सरकवली. पुष्कळ माणसं आली-गेली. अक्का मान कलती करून बघत होत्या. माझ्या मनात आलं, दिसत नसेल. मग पंगत आली, आणि पंगतीच्या कडेने टोपी घातलेला एक माणूस पाठमोरा चालत गेला.

‘‘त्याच शेतस,’’ अक्का म्हणाल्या. तेच आहेत. ‘‘दख, हात मांगे बांधीसन चालस.’’

तेवढ्यात चित्र गोठलं. जुना ओरखडा. माणूस अर्धा वळलेला, चेहरा अजून आला नव्हता. विलासभाऊ माझ्या हातातल्या रिमोटकडे बघत होते. पुढे ढकलावं तर चेहरा निसटला असता, थांबावं तर मशीनने कदाचित डिस्क वाचायचंच सोडलं असतं. मी काहीच दाबलं नाही. डिस्क आत दोनदा घरघरली. मग आबा वळले, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, ‘‘अरे, मना काय फोटू काढी ऱ्हायना? जेवनारास्ना काढ!’’

अक्का हसल्या. तोंडाला पदर लावून, खूप वेळ. विलासभाऊ बाहेर निघून गेले.

ती पंगत आम्ही चार वेळा पाहिली. पाचला पाच मिनिटं कमी असताना मी अक्कांना विचारलं, त्यांच्यासमोर, इथेच बसून, याच प्लेअरवरून कॉपी करू का? त्यांनी होकारार्थी मान हलवली. पण वेळ उरला नव्हता. ती मी पंधरा दिवसांनी जाऊन केली.

ऑपरेशन अर्धंमुर्धं साधलं. अक्कांना आता उजेड-अंधार कळतो, समोर माणूस उभा आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. त्या वरच्या खोलीत बसून पंगत ऐकतात, असं विलासभाऊ सांगतात.

सील फाटलेला महागडा प्लेअर कंपनीने परत घेतला नाही. बरोबरच होतं त्यांचं. माझ्या कामात मात्र एक फरक पडला. पूर्वी मी गिऱ्हाइकाला आधी बजेट विचारायचे. आता आधी त्यांच्या डिस्क बघायला जाते, घरी, स्वतः. निम्मे लोक म्हणतात, ताई, आमच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. मी म्हणते, तरी कपाट उघडा.