मोठा टर्बो आणि आबांचा टेंपो

आमच्या घरात चाकं दोनच होती, आणि ती दोन्ही एकाच सायकलची. नायगावच्या खाडीलगत आमची वाडी. तिथला मुळा-माठ आबा, म्हणजे माझे वडील, पहाटे सायकलवरून बाजारात न्यायचे आणि बाजार उरकला की रिकाम्या टोपल्यांवर बसवून मला कॉलेजात सोडायचे. (पहिला बाक मला एकट्याला मिळायचा. हुशारीमुळे नव्हे, मुळ्याच्या वासामुळे.) तरी घराण्यातला पहिला पदवीधर मीच झालो, तोही मेकॅनिकल इंजिनीअर. हे मी सगळ्यांना सांगतो. विचारलं नाही तरी सांगतो.

नोकरी लागल्यावर आबांनी टेंपो घेतला आणि मी दोन मालकांनी वापरून सोडलेली लाल स्पोर्ट्स कार. दोनच दारं, आणि इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे पंगतीत पाटावर बसणं. पुढे माझ्या बहिणीचं, रंजूचं लग्न ठरलं, नवरदेव गोखिवऱ्याचा. आमच्यात नवरदेवाला मंडपात आणायचा मान नवरीच्या भावाचा. मी गाडी पुसायला घेतली आणि नेमका तिचा टर्बो गेला. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा; तो नसेल तर स्पोर्ट्स कार ही नुसती लाल वस्तू.

वालीवच्या पास्कल मेकॅनिकने टेबलावर दोन टर्बो मांडले. एक नारळाएवढा, एक कलिंगडाएवढा.

"हा लहान. पाय ठेवला की पळतो, पण फार वर गेला की दमतो. हा मोठा. उठायला वेळ लावतो, उठला की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. गाडी चालवणार कुठे?"

"इथेच, वसईत."

"मग लहान घे."

सोबत आबा होते. ते म्हणाले, "तुज्या काकाने विहिरीवर मोठा पंप बसवला व्हता. पाइप फुटला, पानी गेलं शेजाऱ्याच्या वाडीत. आमची वांगी सुकली, त्याचा दुधी वाढला."

"आबा, पंप वेगळा, टर्बो वेगळा. मी शिकलोय हे."

मी तिथल्या तिथे कागदावर आलेख काढला. मोठ्या टर्बोची रेघ शेवटी अशी वर गेली की कागद अपुरा पडला. पास्कलने तो उलटसुलट करून पाहिला.

"छान आहे. ह्यात गोखिवऱ्याचे स्पीडब्रेकर कुठे दाखवलेस?"

मी मोठा टर्बो बसवला.

लग्नाच्या दिवशी रंजू हळदीच्या हातांनी दारात आली. "दादा, मुहूर्त चुकला तर आयुष्यभर तोंड बघणार नाही तुझं." मी हसलो. आबा टेंपो घेऊन माझ्या मागे निघाले. म्हणे, वऱ्हाडाचं सामान आणायला.

गोखिवऱ्याला नवरदेव पुढच्या सीटवर बसला, म्हणजे दोघांनी त्याला धरून दारातून आत खाली सोडला. निघालो. टर्बो उठायच्या बेताला यायचा की स्पीडब्रेकर. पुन्हा उठायला बघायचा, की पुढचा स्पीडब्रेकर. रिक्षा पुढे गेल्या. सायकलवरचा पाववाला पुढे गेला, जाताना नवरदेवाला नमस्कार करून गेला.

"दादा, गाडी चालू आहे ना?" भावोजींनी विचारलं.

"टर्बो उठतोय."

"मुहूर्ताआधी उठेल का?"

मला ते लागलं. पुढे जरा मोकळा रस्ता दिसला आणि मी पाय दाबून धरला. काही नाही. अजून काही नाही. मग तो एकदम उठला. भावोजींचा फेटा मागच्या सीटवर, मुंडावळ्या कानात, तोंडात कुलदैवताचं नाव. मी ओरडलो, "बघा, बघा!" तेवढ्यात बॉनेटखाली फट्ट झालं, मागे काळा धूर सुटला आणि गाडीने मान टाकली.

टेंपो शेजारी येऊन थांबला. आबांनी खाली वाकून विचारलं, "पाइप?"

मी बॉनेट उघडलं. पाइपच होता. हवेच्या जोराने निघून लोंबत होता.

"वांग्यांचं सांगितलं व्हतं," एवढंच म्हणून त्यांनी टेंपोचं मागचं फळकूट पाडलं. आत दोरीने घट्ट बांधलेली खुर्ची होती, तिच्यावर घरातली नवी चादर. वऱ्हाडाच्या सामानाला खुर्ची कशाला, हे मी विचारलं नाही. भावोजींनी फेटा पुन्हा डोक्यावर चढवला आणि ते सरळ उभे राहून टेंपोत चढले. मी मागे त्यांची खुर्ची धरून बसलो. मुहूर्ताला पाच मिनिटं असताना नवरदेव मंडपात पोचला. रंजू अजून माझं तोंड बघते, पण बघितलं की हसते.

आता गाडीत लहान टर्बो आहे आणि ती टेंपोच्या बरोबरीने चालते. एवढं मी शिक्षणाच्या जोरावर मिळवलं. मोठा टर्बो घरीच आहे. खाडीच्या वाऱ्याने दार आपटू नये म्हणून आईने तो दाराला लावलाय, आणि ते काम तो पहिल्या दिवसापासून जराही उशीर न करता करतोय.