भिंतीवरची बारीक रेघ

आमच्या गल्लीत त्यांना सगळे फौजदार म्हणायचे. पोलिसात ते कधीच नव्हते, तळघरांची ओल काढायचं काम करायचे. पण घरात पाऊल टाकलं की भिंतीपासून घरमालकापर्यंत सगळ्यांची उलटतपासणी सुरू. कुठेतरी पाणी मुरतंय असं बाकीचे लोक नुसतं म्हणतात, यांचा तो धंदाच होता. साठी ओलांडलेला किरकोळ देह, खिशात जाडा पांढरा खडू, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरचा आता खोटं बोलणार.

मी त्यांना बोलावलं ते बाबांसाठी. बाबा शिंपी. आई गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस तळघरात जायचा, शिलाई मशीन आणि कापड बेतायच्या लांबलचक टेबलाजवळ. टेबल तिथेच बनवलेलं, जिन्यातून वर येणं शक्य नव्हतं. मागच्या भिंतीला ओल आली, लोणा लागून रंगाचे पापुद्रे पडायला लागले, आणि माझा मोठा भाऊ बजावून गेला की ओल प्लगच्या बोर्डापर्यंत चढली तर तळघर बंद, आणि बाबा त्याच्याकडे, सातव्या मजल्यावर. तिथे मशीन ठेवायलाही जागा नव्हती. महिन्याने येऊन बघतो, म्हणाला. बाबांनी मान खाली घालून सुईत दोरा ओवला, आणि तेच मला टोचलं.

चोर कोण ते मला आधीच ठाऊक होतं. शेजारच्यांची पन्हळ आमच्या भिंतीकडे तोंड करून होती आणि शेजारीण दोन वर्षं माझ्याशी धड बोलत नव्हती. आणखी पुरावा कशाला हवा? फौजदारांनी माझं ऐकून घेतलं आणि माझ्याकडेही त्याच भावाने पाहिलं. मग त्या बोर्डाची वीज बंद करायला लावली, भिंतीला उलटा हात लावला, नाक टेकवून वास घेतला. प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर डकवून दोन दिवस ठेवला. थेंब तुकड्याच्या मागच्या बाजूला धरले होते. म्हणजे दमट हवेचा दोष नाही, पाणी भिंतीतूनच येतंय, असं म्हणून त्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही कपडे कधी धुता?"

परक्या माणसाला या चौकशा कशाला? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्या कपड्यांशी तुमचं काय काम, तुम्ही भिंत बघा, असं मी तोडून टाकलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग बाहेरचं काम झालं. शेजारणीला सांगून त्यांनी पन्हळ वळवली. ती त्यांच्याशी हसून बोलली, हेही मी मनात टिपून ठेवलं. भिंतीलगतच्या मातीला बाहेरच्या बाजूला उतार दिला. शेवटी आत येऊन ओल जिथवर होती तिथे खडूने रेघ मारली, शेजारी तारीख घातली. ओल रेघेच्या वर गेली तर पाणी अजून येतंय, खाली उतरली तर थांबलं. रेघेला कोणी हात लावायचा नाही, असा आम्हा दोघांना दम दिला.

तीन आठवडे गेले, दोनदा धो धो पाऊस झाला, तरी ओल रेघेला चिकटून जागच्या जागी. मी खूश होते. फौजदार नव्हते. दर दोन दिवसांनी येऊन भिंतीपुढे उकिडवे बसायचे. ओल चढत नाही आणि उतरतही नाही, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. इकडे माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. काम संपलं तरी हा माणूस येतो कशाला? नवीन काहीतरी खोदायचा बेत दिसतोय. मी चहा विचारायचं बंद केलं, तरी येतच राहिले. ते आले की मी जिन्यात उभी. बाबाही सुई हातात धरून त्यांच्यावर डोळा ठेवायचे. एका तळघरात तीन माणसं एकमेकांवर पाळत ठेवून होती आणि पाणी आपलं काम करत होतं.

दादा यायच्या आदल्या दिवशी फौजदारांनी भिंतीवर टांगलेल्या कोटाकडे बोट दाखवलं. "मास्तर, हा कोट तीन आठवडे एकाच बाहीवर अडलाय."

बाबांनी आयुष्यात कोणाचा कोट आठ दिवसांच्या वर ठेवला नव्हता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. फौजदारांनी कोट बाजूला केला. मागे प्लगचा बोर्ड होता आणि ओल त्याच्या दोन बोटं खाली येऊन थांबली होती. मग त्यांनी रेघेशेजारी आपल्या खडूने दुसरी रेघ ओढली. ती करंगळीएवढी जाड आली. आधीची दोऱ्यासारखी बारीक होती. तशी रेघ फक्त शिंप्याच्या चपट्या खडूने निघते.

"किती वेळा पुसलीत, मास्तर?"

"ओल चढली की पुसायचो, वर मारायचो. तारीख तुमचीच ठेवायचो." बाबांनी सुई टेबलावर ठेवली. "मला या खोलीतून जायचं नाही हो."

बाबांनी कोणाकडे असं काही मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. फौजदारांनी मात्र एवढंच विचारलं की मधल्या उंच्या काही आठवतात का. शिंप्याला माप आठवतं का विचारणं म्हणजे अपमानच. बाबांनी मापांची वही उघडली. गिऱ्हाइकांच्या छाती-कमरेच्या पानांमध्ये एक पान भिंतीचं होतं: तारीख, वार आणि पाव इंचापर्यंत उंची. लबाडी करतानासुद्धा माप लिहून ठेवल्याशिवाय त्यांना राहवलं नव्हतं.

फौजदारांनी पान दोनदा वाचलं. पावसाच्या दिवसांशी आकड्यांचा काही संबंध नव्हता. ओल चढली होती ती दर सोमवारी आणि दर गुरुवारी सकाळी. त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, कपडे कधी धुता?"

"रविवारी," मी म्हणाले. "आणि बुधवारी."

मागच्या वर्षी मीच हट्टाने वॉशिंग मशीन न्हाणीघरातून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणलं होतं. तिथे भिंतीत एक जुना, वापरात नसलेला पाइप सापडला. प्लंबर नको नको म्हणत असताना मी मशीनचं पाणी त्यातच सोडायला लावलं. त्याचा सांधा भिंतीच्या पोटात उघडा होता, बरोबर बाबांच्या टेबलामागे. फौजदारांना पहिल्याच दिवशी साबणाचा वास आला होता. तो मलाही यायचा, मी नव्या कापडाचा समजायचे. वर्षभर सगळ्या गल्लीवर संशय घेतला आणि बाबांना त्यांच्या खोलीतून हुसकायला निघाले होते मीच.

जुना पाइप त्यांनी त्याच दिवशी बंद केला आणि नवा बाहेरून, डोळ्यांना दिसेल असा काढला. लपलेल्या पाइपावर आपला विश्वास नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी दादा आला. ओल बोर्डाखाली तशीच होती, एका दिवसात ती कुठे वाळणार? कोणामुळे झालं, त्याने विचारलं. पाइप जुना होता, बाबा म्हणाले. कधी कोणाला मोकळं न सोडणारे फौजदारही खिशातला खडू चाचपत राहिले.

"माझं पाणी होतं, दादा," मी म्हणाले. "बाबांना शिक्षा नको. एक महिना दे."

त्याने दिला. या वेळी फौजदारांनी रेघ बाबांनाच मारायला सांगितली. बाबांची पाठ वळल्यावर कोट जरासा उचलला आणि त्याच उंचीवर, कोटामागे, आपल्या जाड्या खडूने आणखी एक मारून ठेवली. महिन्याने दादाने टेप लावून मोजलं तेव्हा दोन्ही रेघा एका पातळीत होत्या आणि ओल त्यांच्या चार इंच खाली.