मे महिन्यातली कानटोपी

मे महिन्यात साताऱ्याहून ठाण्याकडे जाणारा माणूस एकतर लग्नाला निघालेला असतो, नाहीतर दवाखान्यात कुणाला तरी बघायला. मी एका मेलेल्या माणसाची चौकशी करायला निघाले होते, आणि तो माझ्या नात्यातला नव्हता की ओळखीतला. शेजारच्या शोभाताईंनी जिन्यात गाठून "कुठे?" विचारलं तेव्हा मी "बहिणीकडे, डोंबिवलीला" म्हटलं. ते अर्धं खरं होतं.

शाळेच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं लावता लावता मला हा छंद जडला. विचित्र मरणांच्या बातम्या कापायच्या आणि वहीत चिकटवायच्या. विहिरीत बुडालेला पट्टीचा पोहणारा, पंगतीत हसता हसता गेलेला नवऱ्यामुलाचा मामा, असे सगळे त्या वहीत शेजारी शेजारी नांदतात. घरात तिला मरणवही म्हणतात. नवरा म्हणतो, "तुझ्या वहीत जागा मिळायची तर मला साध्या तापाने मरून चालणार नाही." शोभाताई दर गुरुवारी येऊन वही चाळतात. "काय बाई हे अभद्र!" म्हणतात आणि पान उलटतात.

तर डोंबिवलीच्या माझ्या मामेबहिणीने, सुनंदाने, मला फोनवर एक बातमी पाठवली होती. ठाण्यात कोलशेतला एक निवृत्त गृहस्थ बंद घरात खुर्चीवर बसलेल्या स्थितीत मृत सापडले. मे महिना. अंगात लोकरीचा स्वेटर, डोक्याला तपकिरी कानटोपी, पायात नवे बूट. दाराला आतून कडी. पंखा बंद. खिशात कापूर आणि लवंगांच्या दोन पुरचुंड्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, त्याचा तर कुणीतरी व्हिडिओच काढला होता. या गोष्टीला आता वर्ष होत आलं होतं, तरी तो व्हिडिओ फिरतच होता. मी बातमी चिकटवली, पण चैन पडेना. शेवटी म्हटलं, जाऊन बघून यावं.

डोंबिवलीत उतरले तेव्हा उकाड्याने जीव नकोसा झाला. आमच्याकडे ऊन असतं. इथे घाम असतो. सुनंदाने कैरीचं पन्हं हातात दिलं आणि मी ग्लास खाली ठेवायच्या आत सुरुवात केली.

"अगं, दारावर लिंबं खिळलेली होती! आणि तो माणूस बर्फासारखा गार. मे महिन्यात, सांग मला, गार कसा?"

"मेलेला माणूस गारच असतो ना?"

"तसला गार नव्हे गं," ती म्हणाली. तिच्या हास्य क्लबात यावर एकमत होतं. रोज सकाळी बागेत हात वर करून हसायचं आणि मग बाकावर बसून कोलशेतच्या करणीबद्दल बोलायचं, असा त्यांचा व्यायाम होता.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला निघाले आणि घाईघाईत एक स्टेशन आधीच, कळव्याला उतरले. उतरलेच आहे तर सुनंदासाठी सुकट (वाळवलेला जवळा) घ्यावी म्हणून बाजारात गेले. विकणाऱ्या मावशींना मी सहज विचारलं, कोलशेतच्या कानटोपीवाल्याचं काही ऐकलंय का. त्यांना सगळं ठाऊक होतं. लिंबं मात्र त्यांच्या गोष्टीत नव्हती. त्यांच्या मते तो माणूस कुणाची तरी वाट बघत होता आणि दुसरी पुरचुंडी त्या येणाऱ्यासाठी होती. मला हे डोंबिवलीपेक्षा बरं वाटलं. राईचा पर्वत होतो हे माहीत होतं. मी मात्र पर्वताकडून राईकडे निघाले होते.

कोलशेतला ती इमारत खाडीच्या बाजूला आहे. सुकटीची पिशवी घेऊन मी फाटकाशी उभी राहिले. वॉचमन मूळचे चिपळूणकडचे. त्यांना बोलायला कुणीतरी हवंच होतं.

"दार फोडल्यावर मीच पहिला आत गेलेलो," ते म्हणाले. "खोटं नाही सांगत. असे बसलेले की आता उठून बोलतील. लिंबू वगैरे काही नव्हतं हां. लोक काहीपण बोलतात. पण कापूर होता. मी स्वतः वास घेतलेला."

मग त्यांनी रजिस्टर पुढे केलं. कुणाकडे जायचंय, हा रकाना भरल्याशिवाय आत सोडत नाहीत. मी गोंधळले. या इमारतीतलं मला एकच नाव माहीत होतं, बातमीतलं. मी लिहिलं: मधुकरराव. वॉचमनने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निमूटपणे इंटरकॉम उचलला. पलीकडून कुणीतरी काहीतरी म्हणालं. त्यांनी फोन ठेवला. "पाठवा म्हणतात."

मी मेलेल्या माणसाला भेटायला आले होते आणि मला परवानगी मिळाली होती. मी लिफ्टकडे निघाले.

दार चाळिशीच्या एका बाईने उघडलं. ही स्मिता, मधुकररावांची एकुलती एक मुलगी. आई आधीच गेलेली. ती डोंबिवलीतलं भाड्याचं घर सोडून वडिलांच्या घरात राहायला आली होती.

"तुम्ही बाबांच्या सहलीच्या ग्रुपमधल्या का?" तिने विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. पण तिने पाण्याचा तांब्या पुढे केला होता, आणि हातात पाणी घेऊन खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

"नाही," मी म्हटलं. "मी नुसती बघायला आले. साताऱ्याहून."

ती चक्क हसली. "निदान खरं बोललात. बाकीचे गॅसची पाहणी करायला आलो म्हणतात. एक जण तर पाण्याचा मीटर बघायला थेट बेडरूममध्ये गेला. बसा."

मी बसले. ती म्हणाली, बाबा त्याच खुर्चीवर होते. मी उठले.

मग तिने सगळं सांगितलं, आणि ते सांगायला तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मधुकरराव दुसऱ्या दिवशी हिमाचलच्या सहलीला निघणार होते. उभ्या आयुष्यातली पहिली सहल, बर्फ बघायचा होता. तिने स्वेटर आणि बूट आणून दिले होते आणि फोनवर सांगितलं होतं, सगळं एकदा अंगावर घालून बघा, आयत्या वेळी पंचाईत नको. त्यांनी घातलं, बुटाची नाडी बांधायला बसले, आणि हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, बनियनवर असते तरी थांबलंच असतं.

"आणि पंखा?" मी न राहवून विचारलं.

"स्वेटर घालून पंखा कोण लावतं? सर्दी होते." ती हे अगदी बापाच्या आवाजात म्हणाली असावी.

"कापूर, लवंगा?"

"उंचावर श्वास लागतो ना. हुंगायला. त्यांच्या कट्ट्यावर कुणीतरी सांगितलेलं."

मला वर्षभर झोपू न देणारं रहस्य असं एका वाक्यात संपलं. खरं सांगते, आधी मला वाईट वाटलं ते मधुकररावांसाठी नाही, माझ्या वहीसाठी. मग मला दुसरी पुरचुंडी आठवली आणि मी ते विचारलं.

स्मिताचं हसू गेलं. "ती माझी. बाबा दोन महिने मागे लागलेले, तू पण चल. मी म्हटलं, रजा नाही. रजा होती. मला कंटाळा आलेला. त्यांनी शेवटच्या दिवशीपण माझी पुरचुंडी बांधून ठेवली, म्हटलं असेल, येईल कदाचित."

दहाव्याला शहाडला, उल्हास नदीच्या घाटावर, ती पिंडापुढे उभी राहून सगळं कबूल करत गेली होती. घर सांभाळीन, तुळशीला पाणी घालीन, आईचा फोटो नीट लावीन. कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि विधी उरकला. "मला पटतं की हे असं काही नसतं," ती म्हणाली. "तरी वर्षभर खिडकीत कावळा बसला की मी उठून उभी राहते. परवा वर्षश्राद्ध आहे, तिथेच. एकदा तो येऊन शिवला की मी मोकळी. पण लोक पुन्हा जमतील हो मोबाईल घेऊन. तुम्ही याल? तुमच्यातलंच कुणीतरी पाहिजे त्यांना आवरायला."

'तुमच्यातलं' हा शब्द मला लागला. पण तो बरोबर होता. मी येते म्हटलं.

आता माझी चूक. डोंबिवलीला परतल्यावर भाताबरोबर सुकटीची चटणी खाताना मी हे फक्त सुनंदाला सांगितलं, तेही फक्त दिवस आणि जागा. उलगडा मागे ठेवला, कारण तो सांगायला माझंच मन होईना. सुनंदाने फक्त हास्य क्लबला सांगितलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी मी कल्याणहून रिक्षाने शहाडच्या घाटावर पोचले. नदी उन्हाळ्याने उतरली होती, काठाला जलपर्णी दाटली होती. स्मिता पांढऱ्या कुडत्यात गुरुजींसमोर बसली होती. आणि पायऱ्यांवर अख्खा हास्य क्लब, टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन, फोन काढून. सुनंदाने मला लांबून हात केला. त्यांच्यामागे आजूबाजूचेही वीस-पंचवीस जण उभे होते. स्मिताने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिंड मांडले गेले. समोर पिंपळावर चार कावळे बसले होते आणि एकही हलत नव्हता. पत्रावळी आणि फुलं विकणारी एक आगरी आजी माझ्याशेजारी बसली होती. तिने तोंडातलं पान बाजूला सारलं.

"मागचे वर्साला पन ह्योच तमासा," ती म्हणाली. "कावला (कावळा) कसा येल ग बाय? सगली मानसा पिंडावर वाकून उबी. त्याला का जीव नाय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. वर्षभर लोक विचारत होते, कावळा का आला नाही. ज्यांनी विचारलं त्यांच्यातलेच कितीतरी जण त्याच्या वाटेत उभे होते.

आता यांना हलवायचं कसं? "जरा मागे व्हा" म्हणून पाहिलं. एक पायरी मागे झाले आणि दोन पुढे आले. "श्राद्ध आहे, थोडी लाज बाळगा" म्हटलं. त्यांनी लाज बाळगली आणि फोन तसाच धरला. शेवटी माझ्याकडे एकच गोष्ट उरली, ती मी दोन दिवस राखून ठेवली होती.

"ऐका," मी म्हटलं, "मला सगळं कळलंय. त्या घरातून ऐकून आलेय." सगळे माझ्याभोवती गोळा झाले. मी बोलत बोलत घाट चढू लागले, ते मागून आले. रस्त्यावरच्या उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबून मी सांगून टाकलं. हिमाचलची सहल. बर्फ. स्वेटर मापाला होतो का ते बघत होते. पंखा लावला तर सर्दी होते.

"आणि कापूर?" सुनंदाने विचारलं. तिचा आवाज आधीच पडला होता.

"अगं, तू नाही का बद्रीनाथला नेलेलास? हुंगायला?"

तिने नेला होता. क्लबातल्या आणखी तिघींनी नेला होता. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे हार्ट?" मी हो म्हटलं. "हात्तिच्या!" ते म्हणाले आणि त्यांनी फोन खिशात घातला. कुणी रस मागवला, कुणी बिर्ला मंदिर इथून किती लांब ते विचारलं. दहा मिनिटांत माझ्याभोवती सुनंदाशिवाय कुणी उरलं नाही. गर्दी पांगवायला पोलीस लागत नाहीत, खरं काय ते सांगितलं की पुरतं.

मला घाटावर परत जायची फार, फार इच्छा झाली. इतक्या लांबून मी कावळाच तर बघायला आले होते. पण मी त्या गाडीपाशी नदीकडे पाठ करून उभी राहिले आणि आलं-लिंबू घातलेला रस घोट घोट पीत राहिले. सुनंदा एकदा मान वळवायला लागली, तिचा मी दंड धरला.

थोड्या वेळाने स्मिता वर आली. डोळे सुजले होते. "शिवला," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाबा, मी येते. एवढंच म्हटलं, आणि तो आला." तिने माझा हात धरला, आणि मला रडू आवरेना. कावळा तिच्या बोलण्याने आला की आम्ही दूर झाल्याने, हे मी तिला सांगितलं नाही. आज तुम्हालाही सांगणार नाही.

साताऱ्यात परतल्यावर सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, हार्ट. चेहरे पडले. नवरा तेवढा म्हणाला, "बरं झालं बिचाऱ्याचं, सहलीच्या नादात गेला." मी त्या बातमीखाली पेनाने लिहिलं, सहलीला निघाले होते, आणि वही बरेच दिवस उघडली नाही. लोकांच्या मरणाची आपल्याला एवढी भूक का, याचं उत्तर मला सापडलं नाही. एवढंच कळलं की आपण गोष्टीवर वाकून उभे असतो, आणि जिचं माणूस गेलेलं असतं तिला आपल्या मागून काही दिसत नाही.

पुढच्या महिन्यात स्मिताचा फोटो आला. बर्फात उभी, अंगात ढगळ स्वेटर, डोक्याला तपकिरी कानटोपी, नाकाशी धरलेली पुरचुंडी. खाली लिहिलं होतं, "खोलीतला पंखा बंद करून आलेय." मी तो छापून घेतला आणि वहीत चिकटवला.

गुरुवारी शोभाताई आल्या. पानं उलटत त्या फोटोपाशी थांबल्या, चष्मा वर केला, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगंबाई, एवढी तरुण! हिला काय झालं हो?"

"काही नाही झालं," मी म्हटलं. "सहलीला गेलीये."