बोट दाखवा, मिसळ घ्या

मी फारशी बोलत नाही. न बोलणाऱ्या मुलीसमोर मोठी माणसं काहीही बोलून जातात, त्यामुळे किस्से माझ्याकडे आपोआप साचत जातात. ‘मतदान सक्तीचं असावं का?’ असं शाळेत बाईंनी विचारलं, तेव्हाही माझा हात वर गेला नाही. पण कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीत महापालिकेच्या निवडणुकीच्या वेळी जे पाहिलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून लिहिते.

*

सुरुवात लिमये आजोबांच्या पायापासून झाली. ते आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. सोसायटीसमोरचा रस्ता ओलांडला की बाग, आणि बागेत त्यांचे मित्र. पावसाळ्यात हिंजवडीला जाणाऱ्या एका कंपनीच्या बसने त्यांना धक्का दिला आणि पाय मोडला. पाय जुळला, पण रस्ता ओलांडायची हिंमत काही परत आली नाही. तेव्हापासून ते बाल्कनीतून बाग बघतात.

रस्त्यावर स्पीडब्रेकर हवा म्हणून सोसायटीची माणसं नगरसेवकांकडे गेली. आजोबांना आधार द्यायला मीही गेले.

नगरसेवकांनी चहा दिला आणि विचारलं, “तुमच्याकडे फ्लॅट किती?”

“साठ!” आमचे अध्यक्ष परांजपे काका अभिमानाने म्हणाले.

“आणि मागच्या वेळी मतं द्यायला कितीजण आले? त्यापेक्षा माझ्या घरात जास्त माणसं आहेत.”

काका भडकले. “अहो, आम्ही टॅक्स भरतो!”

“मग टॅक्सच्या खिडकीवर जाऊन मागा की स्पीडब्रेकर.”

मला नगरसेवकांचा राग आला. त्याहून जास्त राग आला तो त्यांचं बरोबर होतं याचा!

*

परांजपे काकांनी लगेच मीटिंग घेतली. “या वेळी आपल्याकडे मतदान सक्तीचं! त्या दिवशी खाली मिसळ पार्टी. बोटाला शाई असेल त्यालाच मिसळ.”

तिसऱ्या मजल्यावरचा निखिलदादा उठला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. “काका, सक्ती कसली करताय? मत न देणं हासुद्धा माझा राइट आहे.”

“आहे ना,” लिमये आजोबा शांतपणे म्हणाले. “तसा रस्ता न ओलांडणं हा माझा राइट आहे. पाय मोडल्यापासून मी तो रोज बजावतोय.”

सगळे हसले. निखिलदादाही हसला. आजोबा मात्र हसले नव्हते. ते कुणीच पाहिलं नाही.

*

निखिलदादाचं म्हणणं असं, की रांगेत उभं राहणं हा मागासलेपणा आहे. “मी इथे बसून अमेरिकेतला सर्व्हर बंद-चालू करतो. आणि मत द्यायला शाळेच्या पटांगणात उन्हात उभा राहू?”

त्याच आठवड्यात नव्या मॉलमध्ये बुटांचा सेल होता. दादा सकाळी जाऊन दुपारी आला. घाम पुसत, पण खुशीत.

“काय रांग होती!” तो माझ्या आईला सांगत होता. “पण मी हललो नाही. शेवटी पेशन्स लागतो!”

*

शेजारच्या सुलभाकाकूंचं मत पक्कं. “सगळे चोर. कुणालाच द्यायचं नाही.”

“उभं कोण कोण आहे?” आईने विचारलं.

“नावं कशाला माहीत हवीत? चोर म्हटलं की झालं.”

त्याच संध्याकाळी काकू धावत आमच्या घरी आल्या. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत त्यांची लाडकी गायिका धोक्यात होती. घरातल्या तिन्ही मोबाइलवरून एसएमएस पाठवून झाले होते. आता आमचा हवा होता.

बटणं दाबता दाबता मला म्हणाल्या, “अगं, आपण मत दिलं नाही ना, तर भलतीच माणसं निवडून येतात!”

*

मतदान शुक्रवारी आलं. पुढे शनिवार, रविवार. सकाळी सातलाच निखिलदादाच्या गाडीची डिकी उघडी. अलिबाग!

परांजपे काका आडवे आले. “अरे, मतदान?”

“परत आल्यावर करतो की, काका! मशीन काय पळून जाणार आहे?”

हा मुलगा इंजिनिअर आहे. कॉलेजात पहिला आला होता.

*

साडेआठला काका आमच्या दारात. “मीरा, तुझ्याकडे जांभळा मार्कर आहे ना? पक्का?”

मला वाटलं, नोटीस लिहायची असेल. मी दिला. काकांनी तिथेच डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखापासून खालपर्यंत, एक जाड रेघ ओढली. फुंकर मारून वाळवली.

“आत्ता रांग फार आहे गं. संध्याकाळी देईनच मी. पण अध्यक्षाचंच बोट कोरं दिसलं तर लोकांना काय सांगणार?”

मग त्यांनी बोट उंच करून फोटो काढून घेतला.

थोड्या वेळाने सुलभाकाकू आल्या. “परांजप्यांना दिलास, तोच दे गं जरा.”

त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरचे दोघं. मग त्यांचे पाहुणे, ज्यांचं नाव पुण्याच्या यादीत नव्हतंच! अकरापर्यंत माझा मार्कर कोरडा पडला होता आणि खाली मिसळ संपली होती. मी गेलेच नाही. लिमये आजोबाही गेले नाहीत. “आधी मत, मग खाणं,” म्हणाले. खायला काही उरलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

*

चार वाजता मी आजोबांना घेऊन निघाले. मतदान समोरच्या शाळेत होतं. रस्ता ओलांडताना त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की वळ उठले. पण ओलांडला!

ते मत देऊन आले. बोटाला खरी शाई. मी दारात थांबले होते. आत परांजपे काकांचा नंबर लागला होता.

टेबलामागच्या बाईंनी त्यांचं बोट पाहिलं. “काका, तुमचं मतदान झालंय.”

“छे हो मॅडम, हा मार्कर आहे!”

“म्हणजे खोटी खूण केलीत? तसं लिहून देता?”

काकांनी रुमाल काढला, बोट थुंकीने घासलं, भिंतीला घासलं. मार्कर पक्का होता.

बाई म्हणाल्या, “पुढचे या.”

काका तणतणत बाहेर आले. “पाहिलंत, लिमये? या देशात प्रामाणिक माणसाला मतसुद्धा देऊ देत नाहीत!”

आजोबांनी पुन्हा माझं मनगट धरलं. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिलो. सुट्टीचा दिवस, गाड्या सुसाट होत्या.

काकांनी थांबा म्हणून हात वर केला. जांभळं बोट उन्हात छान दिसत होतं. एकही गाडी थांबली नाही.